ताता जेवायला बाहेर पडले

नेरेइदा वरच्या मजल्यावरून किराण्याच्या पिशव्या घेऊन खाली आली, तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. हिटरजवळची खुर्ची रिकामी होती आणि ताता, तिचे वडील, पायांवर घेऊन बसायचे ते घोंगडं जमिनीवर पडलं होतं. तिने बाथरूमचं दार ढकललं, कपाटाच्या पडद्यामागे पाहिलं. पलंगाखालीही वाकून पाहिलं. म्हातारा माणूस पलंगाखाली कशाला जाईल, पण पाहिलं. खुंटीवर तातांचा जाड कोट तसाच लटकत होता. हॅट मात्र नव्हती.

"ताता!" तिने जिन्यात डोकावून हाक मारली, पण दबक्या आवाजात. गेले कित्येक आठवडे त्या इमारतीत कोणी कोणाला मोठ्याने हाक मारत नव्हतं. दारावरची नावं काढून टाकली होती. पडदे दिवसाही ओढलेले असायचे. ज्यांच्याकडे कागदपत्रं होती ती माणसं बाजार करून आणायची आणि ज्यांच्याकडे नव्हती ती वर-खाली करून आपापली पिशवी घेऊन जायची. नेरेइदाकडे नव्हती. वीस वर्षं शिकागोत काढली, चॉकलेटच्या कारखान्यात डबे भरले, पण कागद काही झाले नाहीत. आई गेल्यावर वडिलांना बोलावून घेतलं. त्यांच्या व्हिसाची मुदतही कधीच उलटून गेली होती. नवरा दूर टेक्सासमध्ये छपरं घालायच्या कामावर. घरात ही दोघंच.

आणि तातांचं डोकं आता ठिकाणावर नव्हतं. कधी ते तिला नावाने हाक मारायचे, कधी आपल्या बहिणीच्या नावाने, तर कधी "अहो बाई" म्हणायचे. रस्ता ओलांडताना सिग्नल कशाला असतो हेही कधीकधी विसरायचे. एक गोष्ट मात्र त्यांच्या जिभेवरून पुसली गेली नव्हती. मिचोआकानच्या डोंगरातल्या आपल्या गावचा चुरिपो. लाल मिरचीचा, बीफचा, कोबी घातलेला तो रस्सा, आणि त्याबरोबर मक्याच्या लांब हिरव्या पानांत गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे टोकदार कोरुंदा. आदल्या रात्री नेरेइदाने कोंबडी आणि डब्यातल्या मिरचीचा काहीतरी रस्सा करून पुढे ठेवला, तर त्यांनी एक चमचा घेतला आणि वाटी सरकवली.

"हे काय? रंगीत पाणी!"

"ताता, बाजारात जाता येत नाही हो. आहे त्यात केलंय."

"मग मी जातो आणि आणतो. कुठेतरी मिळतच असेल. एवढं मोठं शहर आहे."

"हो, हो, जा," ती हसून म्हणाली होती आणि भांडी घासायला उठली होती.

आता ती कोट काखेत मारून जिना उतरली. फेब्रुवारीचा महिना. बाहेर पाऊल टाकताच थंडीने नाक बधिर झालं. फुटपाथवर साठलेलं बर्फ काळं पडून दगडासारखं झालं होतं. अशा थंडीत अंगात नुसता स्वेटर घातलेला म्हातारा किती वेळ टिकेल? आणि टिकला तरी हॅट घातलेला, गोंधळलेला, इंग्रजीचा एक शब्द न येणारा माणूस रस्त्यावर उभा असेल, तर तो कोणाच्या नजरेतून सुटेल? आपल्यालाही कोणी पाहील हा विचार त्यानंतर आला आणि तिने डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढला.

सव्विसाव्या रस्त्यावर एरवी या वेळेला पाय ठेवायला जागा नसायची. फळांच्या गाड्या, कणसंवाले, लग्नाच्या झग्यांची दुकानं, चारी बाजूंनी गाणी. आज चिटपाखरू नव्हतं. एका दुकानाच्या काचेवर "फक्त ओळखीच्यांसाठी, बेल वाजवा" असं लिहिलं होतं. कोपऱ्यावर एक बाई गळ्यात नारिंगी शिट्टी अडकवून उभी होती. ती मिग्रावर नजर ठेवणाऱ्यांपैकी. मोहल्ल्यात इमिग्रेशनच्या माणसांना सगळे मिग्राच म्हणायचे. ती माणसं दिसली की शिट्टी वाजायची आणि शिट्टी वाजली की लोक जिथे असतील तिथून नाहीसे व्हायचे.

"हॅट घातलेला म्हातारा पाहिलात का?" नेरेइदाने विचारलं.

"कार्नितासवाल्याच्या दुकानासमोर होता मघाशी," ती बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "आणि तू घरी जा. सकाळपासून काळ्या काचांच्या दोन गाड्या फिरतायत."

घरी जा! नेरेइदा जवळजवळ पळतच सुटली.

कार्नितासवाल्या फिदेन्सियोच्या दुकानाचं शटर कमरेपर्यंत खाली होतं. तिने वाकून आत पाहिलं. तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराचं मांस चरबीत रटरटत होतं आणि फिदेन्सियो एकटाच काउंटरमागे उभा होता. बुटका, पोट सुटलेला, दिवसभर बोलल्याशिवाय ज्याला अन्न पचत नाही असा माणूस. त्याने आधी सुरा हातात धरला, मग ओळखलं आणि सुरा खाली ठेवला.

"तुझा बाप का तो? देवा रे! माझी अब्रू घेऊन गेला की! तीन गिऱ्हाइकं होती, सगळा मिळून आजचा धंदा तेवढाच. त्यांच्यासमोर त्याने तुकडा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाला, 'या डुकराने जन्मात कधी कणीस खाल्लं नाही.' कणीस! मी म्हटलं, बाबा, हे शिकागोचं डुक्कर आहे, ते काय खातं ते मला विचारू नकोस."

"फिदेन्सियो, ते गेले कुठे?"

"आणि मग चुरिपो मागायला लागला. मी म्हटलं, समोरच्या हॉटेलात मेनूत आहे, पण तिथे एका वाटीच्या पैशात आपल्याकडे बोकड येईल, आणि वर ते त्यात गाजर-बटाटा घालून गोऱ्या पाहुण्यांना वाढतात. तर म्हणतो, 'मला पाहुण्यांचं नको, घरचं हवंय.'" फिदेन्सियो थांबला. तिच्या हातातला कोट त्याच्या लक्षात आला. त्याचा चेहरा उतरला. "कोट न घालता आला होता का तो? मला वाटलं, गाडीत ठेवला असेल. अगं, मी त्याला बसवून ठेवायला हवं होतं."

"कुठल्या दिशेने गेले?"

"चावेलाकडे पाठवलं मी. तामाले विकते ती. घरगुती कोण काय रांधतं ते तिलाच माहीत. पण ती आता कोपऱ्यावर बसत नाही. धुलाईच्या दुकानात बघ, मशीनच्या रांगेत मागे."

तो आणखी काही बोलत होता, पण ती शटरखालून बाहेर पडलीसुद्धा.

धुलाईच्या दुकानात ऊब होती आणि साबणाचा वास होता. सात-आठ बाया बाकांवर बसल्या होत्या. अर्ध्याजणींकडे धुवायला एकही कपडा नव्हता. ऊब घ्यायला आणि चार माणसांत बसायला आल्या होत्या. अगदी मागे, शेवटच्या मशीनपाशी, चावेला, जिला सगळे मानाने दोन्या म्हणायचे, एक बाबागाडी झुलवत बसली होती. गाडीत निळी दुलई होती आणि दुलईखालून वाफ येत होती.

"बाळ किती महिन्यांचं?" एक बाई आत येऊन म्हणाली.

"हिरव्या मिरचीचं की चीजचं?" चावेलाने विचारलं आणि दुलईचं टोक उचलून मक्याच्या पानात वाफवलेले दोन तामाले तिच्या हातात दिले. बाया हसल्या, पण हलक्या आवाजात.

नेरेइदा तिच्यापुढे उकिडवी बसली. "दोन्या चावेला, माझे वडील आले होते का? हॅट घातलेले. चुरिपो मागत होते."

चावेलाचं हसू मावळलं. तिने नेरेइदाला खालून वर न्याहाळलं. "तुझे वडील कशावरून?"

"म्हणजे?"

"पोरी, राग मानू नकोस. गेल्या आठवड्यात एक अशीच बाई रडत रडत आली, भाऊ हरवला म्हणाली. कोणाची होती कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्या भावाच्या घरासमोर गाडी उभी."

"मी नेरेइदा. चॉकलेटच्या कारखान्यात होते. तुमच्याकडून रोज पहाटे तामाले घ्यायचे, बसस्टॉपवर. लाल मिरचीचे दोन आणि प्यायला गरम आतोले."

चावेला तिच्याकडे पाहत राहिली. "आतोले साखर कमी घालून मागायचीस ती तू? कधी पूर्ण प्यायची नाहीस."

"बस यायची ना."

चावेलाने सुस्कारा सोडला आणि ती तिच्या कानाशी वाकली. "रडत होता गं तो. मध्येच आपल्या पुरेपेचा बोलीत बोलायला लागला. मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण आपल्यात एक बाई आहे तिकडचीच, तीच बोली बोलणारी. हॉटेलात चुलीवर होती, हॉटेल बंद पडलं, आता घरातच पातेलं चढवते. ओळखीच्यांना देते. तिचा पत्ता आम्ही कोणाला..."

बाहेर शिट्टी वाजली.

आधी एक, लांबून. मग दुसरी, जवळ. मग सगळ्या रस्त्याने शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ उठला. दुकानाचा मालक धावत आला, दाराला आतून कुलूप घातलं आणि दिवे मालवले. कोणी ओरडलं नाही. बाया बाकांवरून उतरून मशीनच्या आडोशाला जमिनीवर बसल्या. एकीने पोराचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं. मशीन मात्र चालूच होती. आतले कपडे धपाधप उलटेपालटे होत होते, आणि नेरेइदाला वाटलं, हा आवाज बाहेर ऐकू जाणार, आत माणसं आहेत हे कळणार. चावेलाने तिचं मनगट धरलं होतं.

काचेबाहेरून एक काळ्या काचांची गाडी हळूहळू पुढे सरकली. मशीनच्या कडेने नेरेइदाने पाहिलं. मागच्या सीटवर कोणीतरी होतं. काळोख्या काचेआड डोक्यावर रुंद काठाची हॅट असल्यासारखी आकृती. दिसली न दिसली आणि गेली.

"ताता," ती उठायला लागली. चावेलाने तिला खाली ओढलं.

"बस! बस खाली!"

"आत ते होते. हॅट दिसली मला."

"तुला डोळ्यापुढे बापच दिसतोय. बस."

"दोन्या, ते होते! त्यांना बोलता येत नाही. आपलं नावसुद्धा नीट सांगता येणार नाही त्यांना. त्यांना कुठे नेतील, मला कोण सांगेल? मी विचारायला तरी कुठे जाऊ?"

मोहल्ल्यात अशी घरं होती, ज्यांचा माणूस कुठल्या राज्यात नेऊन ठेवलाय हे कळायलाच कितीतरी दिवस लागले होते. शिट्ट्या हळूहळू विरळ झाल्या, पुढच्या चौकाकडे गेल्या आणि थांबल्या. मालकाने दार किलकिलं करून पाहिलं. तेव्हा कुठे चावेला बोलली.

"पिवळ्या विटांची तीन मजली इमारत, चर्चच्या पलीकडे. समोरून जाऊ नकोस. मागच्या गल्लीतून लाकडी जिना आहे. दुसऱ्या मजल्यावर ओब्दुलिया म्हणून विचार. मी त्याला चर्चपर्यंत सोडलं होतं, पुढचं बोटाने दाखवलं. पोचला असेल तर पोचला असेल."

"आणि नसेल पोचला तर?"

"जा आता. रस्ता मोकळा आहे तोवर जा."

नेरेइदा मागच्या गल्ल्यांतून गेली. कचऱ्याचे डबे, गॅरेजची दारं, बर्फात अडकलेल्या गाड्या. प्रत्येक गॅरेजच्या आड तिला कोणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं. एका कुत्र्याने कुंपणावर झेप घेतली तेव्हा तिच्या तोंडून किंकाळी निघाली आणि तिने स्वतःच्याच हाताने ती दाबली. डोळ्यांपुढून ती गाडी हलत नव्हती. ती हॅट होती की सीटचा वरचा भाग? हॅटच होती. नाही, सीट असेल. ती स्वतःलाच विचारत होती आणि प्रत्येक वेळी उत्तर बदलत होतं.

पिवळ्या विटांच्या इमारतीमागचा लाकडी जिना उघडा होता, गल्लीतून सगळ्यांना दिसेल असा. पहिल्या मजल्यावर पोचली आणि वास आला. लाल मिरची, उकळलेलं मांस, कोबी. त्याच्या खाली आणखी एक वास, ओल्या मक्याच्या पानांचा आणि राखेचा. आई गेल्यापासून हा वास तिने घेतला नव्हता. तिचे पाय क्षणभर जागीच थांबले. मग तिने उरलेल्या पायऱ्या चढून दारावर थाप मारली.

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. दाराखालची उजेडाची रेघ विझली.

"दोन्या ओब्दुलिया?"

तिने पुन्हा हलकेच थाप मारली.

"दोन्या, माझं नाव नेरेइदा. मला चावेलाने पाठवलं. माझे वडील इथे आलेत का?"

"इथे कोणी राहत नाही," दाराआडून एक बाई म्हणाली. आवाज भरड होता, पण काठावर कापत होता. "चुकीचं घर आहे. जा."

"फक्त एवढं सांगा, एक म्हातारे गृहस्थ..."

"कोणी नाही म्हटलं ना!"

आणि तेवढ्यात आत कोणीतरी खोकलं. दोनदा कोरडा, मग एक लांबलचक खाकरा. नेरेइदाने दोन्ही तळहात दारावर टेकले. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. गाडीत ते नव्हते. इथे होते, या दाराच्या पलीकडे, उबेत.

"ताता! ताता, मी आहे! दार उघडायला सांगा!"

आत कुजबूज सुरू झाली. ती बाई पुरेपेचात काहीतरी विचारत होती. नेरेइदाला ती बोली बोलता येत नव्हती, पण लहानपणी कानावर पडून पडून कळायची. बाई विचारत होती, बाहेर तुझी मुलगी आहे म्हणते, तुझीच आहे का?

मग तातांचा आवाज आला. शांत, विचार करून बोलल्यासारखा.

"नाही. माझी मुलगी लहान आहे. शाळेत जाते. ही बाई कोण, मला माहीत नाही."

नेरेइदाने कपाळ दारावर टेकलं.

"ऐकलंस?" दाराआडची बाई आता स्पॅनिशमध्ये आणि चिडून बोलत होती. "तो ओळखत नाही तुला. कोणी पाठवलं तुला, खरं सांग. तुझ्याबरोबर खाली कोण आहे?"

"कोणी नाही हो! एकटी आहे. त्यांच्या डोक्यातून गेलंय सगळं, ते मला रोज विसरतात."

"हे कोणीही म्हणेल."

"चावेलाला विचारा. फोन करा तिला. ती बाबागाडीत तामाले विकते, निळी दुलई..."

"बाबागाडी सगळ्या जगाला दिसते. आणि चावेला फोन उचलत नाही दिवसा. जा तू. माझ्या घरात माझी दोन माणसं आहेत, मी दार उघडणार नाही."

खाली गल्लीत गाडी येऊन थांबली. नेरेइदाने कठड्यावरून वाकून पाहिलं नाही. तेवढं धाडसच नव्हतं. इंजिन बंद झालं. गाडीची दारं उघडली, आपटली. पुरुषांचे आवाज आले, दोन किंवा तीन. जड बूट बर्फावर कचकचले आणि मग लाकडी पायरीवर पडले. जिना हादरला. पळायला वाट नव्हती. वर तिसरा मजला, त्यावर छप्पर.

तिने दाराच्या फटीला तोंड लावलं. आता ओरडण्यातही अर्थ नव्हता. हळू, भरभर ती बोलत सुटली, त्या बाईशी.

"दोन्या, बघा ते कसे जेवतायत. डाव्या हाताने जेवत असतील. उजव्या हाताची दोन बोटं दुमडत नाहीत त्यांची, लाकूड कापायच्या कारखान्यात यंत्रात सापडली होती. कोरुंदा कुस्करून वाडग्यात घातला असेल, पण सगळा नाही. एक टोक ठेवलं असेल बाजूला, शेवटी रस्सा पुसून घ्यायला. आणि तुमच्या रश्श्याला नाव ठेवलं असेल त्यांनी. कोबी जास्त शिजला म्हणाले असतील. माझ्या आईलाही म्हणायचे. आयुष्यभर म्हणायचे. आणि तिसरा वाडगा मागायचे."

बूट पहिल्या मजल्यावर आले.

मग कडी निघाली, साखळी खळखळली, एक मजबूत हात बाहेर आला आणि नेरेइदाला दंडाला धरून आत खेचलं. दार बंद. साखळी. अंधार. दोघी बायका दाराला पाठ लावून खाली बसल्या, एकमेकींना चिकटून. ओब्दुलियाच्या छातीचे ठोके नेरेइदाला आपल्या खांद्यावर जाणवत होते.

बूट त्यांच्या दारापाशी आले आणि थांबले. कोणीतरी धापा टाकत होतं. काहीतरी जड वस्तू फळ्यांवर टेकल्याचा धप्पकन आवाज झाला. नेरेइदाने डोळे घट्ट मिटले.

"अरे, उचल की!" बाहेरून एक पुरुष ओरडला. "अजून एक मजला आहे. माझ्या मेहुणीने फ्रीझ घेतला तो तिसऱ्या मजल्यावर राहायला लागल्यावरच!"

"तुझ्या मेहुणीला सांग, बाहेर ठेवलं तरी सगळं गोठतंय, फ्रीझ कशाला?"

दुसरा हसला. वस्तू पुन्हा उचलली गेली, बूट वर गेले.

ओब्दुलियाने तोंडावर एप्रन दाबला. हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी ओब्दुलियाने भिंतीला धरून दिवा लावला. साठीच्या आसपासची, ठेंगणी, केसांच्या दोन वेण्या पाठीवर एकत्र बांधलेली बाई.

"कोबी जास्त शिजला म्हणाला," ती म्हणाली. "माझ्या घरात बसून, माझंच खाऊन. पहिल्या घासाला."

ताता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. हॅट मांडीवर, अंगावर ओब्दुलियाची गुलाबी लोकरी शाल. समोर लाल रश्श्याचा वाडगा आणि मक्याच्या पानांचा ढीग. त्यांच्या शेजारी, भिंतीकडच्या खुर्चीत, ओब्दुलियाची आंधळी आई बसली होती आणि त्यांचं बोलणं ऐकत मान डोलवत होती. घरातली दोन माणसं म्हणजे ही एक, आणि दुसरे ताता.

नेरेइदा दारातच उभी राहिली. त्यांना मिठी मारावीशी वाटत होती, आणि त्यांनी दचकून मागे सरकावं हेही नको होतं.

तातांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाहेर थंडीतून आलेली, विस्कटलेली, रडून डोळे सुजलेली एक परकी बाई.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "भूक लागलेली दिसते. इथे चांगलं मिळतं. महाग नाही."

ती बसली. ओब्दुलियाने तिच्यापुढे वाडगा ठेवला. पहिल्या घोटाला मिरचीने टाळू भाजली. मग मांसाची चव आली, मग धूर. तिने कोरुंदाचं पान सोडलं. फ्रीझरमध्ये ठेवून वापरलेलं पान कडेला थोडं काळं पडलं होतं. घाईघाईत अर्धा तुकडा टेबलावर सांडला.

"हळू," ताता म्हणाले. "कोणी काढून घेत नाही."

ओब्दुलिया चुलीपाशी उभी राहून त्या दोघांना पाहत होती. "दारात आला तेव्हा ओठ निळे होते," ती हलकेच म्हणाली. "मला वाटलं, आता हा माझ्या पायरीवरच मरतोय. दार उघडायची माझीही हिंमत नव्हती. पण त्याने आपल्या बोलीत विचारलं, 'आई, जेवण आहे का?' मग काय करणार?"

"तुमचे उपकार..."

"उपकार राहू दे. पुन्हा इथे येऊ नकोस, पोरी. राग धरू नकोस. एवढा जिना चढून रोज नवी माणसं यायला लागली तर शेजारी बघतात. मी पाठवेन तुझ्याकडे. कोणाहाती, कधी, ते विचारू नकोस."

परतीची वाट अजून बाकी होती. ओब्दुलियाने त्यांना शाळा सुटेपर्यंत थांबवून घेतलं. त्या वेळी रस्त्यावर पोरं आणि त्यांना घ्यायला आलेल्या आया असतात, शिक्षक कोपऱ्यांवर उभे असतात, गर्दीत माणूस मिसळून जातो. तोवर ताता आणि ओब्दुलियाची आई त्यांच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत राहिले. दोघांची गावं वेगळी होती आणि बहुधा जत्राही वेगळ्या होत्या, पण त्यावरून दोघांचं काही अडलं नाही.

निघताना नेरेइदाने त्यांना कोट घातला. तो त्यांनी घालू दिला. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, दोन्ही बाजूंना पाहिलं, मग आयांच्या घोळक्यात शिरली. ताता सावकाश चालत होते, बर्फावरून पाय घसरत होता. दर गाडीला नेरेइदा त्यांचा हात आणखी घट्ट धरत होती. चर्चपाशी लांबून एक शिट्टी ऐकू आली आणि सगळा घोळका क्षणभर थबकला. कुठल्याशा पोराने नुसतीच फुंकली होती. त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि सगळ्या पुन्हा चालायला लागल्या.

"पोरी, हात दुखतोय माझा," ताता म्हणाले. "किती आवळून धरतेस!"

तिने हात सैल केला, सोडला नाही.

घरी पोचल्यावर ते हिटरजवळच्या खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्या झोपी गेले. नेरेइदाने वरच्या मजल्यावरून हातोडी आणि एक जुनी कडी मागून आणली आणि दुसऱ्या खुर्चीवर चढून ती दाराच्या अगदी वर, तातांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठोकायला घेतली. ठोकताना आवाज होत होता म्हणून ती प्रत्येक ठोक्यानंतर थांबून कान देत होती.

ताता जागे झाले. कडीकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे.

"आपल्याला कोणी कोंडून ठेवतंय का?" त्यांनी विचारलं. डोळ्यांत भीती होती.

नेरेइदा खुर्चीवरून खाली उतरली. हातातली हातोडी तिने पाठीमागे धरली.

"नाही ताता," ती म्हणाली. "मीच लावतेय."

"मग बरंय," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ती मात्र दारापाशीच उभी राहिली, जिन्यावर कोणाची पावलं वाजतात का ते ऐकत.